तिसऱ्या गाण्यानंतरच्या टाळ्या

"तीनदा बघितल्याबिगर मानायचं न्हाई," असं म्हणत तो चष्मा कपाळावर सरकवायचा.

भोसरीच्या कंपनीत आम्ही एकाच खात्यात होतो. मी लेथवर, तो तपासणीला. मी केलेला शाफ्ट तो मायक्रोमीटरने तीनदा मोजायचा आणि तिसऱ्यांदाही बरोबर निघाला की जरासा नाराज व्हायचा. भाजीवालीने आपणहून एक लिंबू जास्त घातलं, तर ते तिच्यासमोर कापून बघायचा. तुम्ही म्हणाल, असा एक माणूस प्रत्येक खात्यात असतो. असतो. पण हा गाण्यांवरही संशय घ्यायचा.

थेरगावात दत्ताच्या खोलीवर आम्ही चौघे रविवारी सकाळी जमायचो. दत्ता लातूरकडचा, सावंत कोकणातला, हा तळेगावजवळचा आणि मी. दत्ताच्या मेहुण्याने आखातातून एका विलायती बँडची कॅसेट आणली होती. भर मैफलीत, हजारो लोकांसमोर भरलेली. गाण्यांचे शब्द आम्हाला कळत नव्हते, पण टाळ्या कळायच्या. त्या गर्दीत आपणही उभे आहोत असं वाटायचं.

त्याला नेमकी तिथेच शंका आली.

"तिसऱ्या गाण्यामागची शिट्टी आन् सातव्यामागची शिट्टी एकच हाय. टाळ्या मागनं चिकटवल्यात."

"भाऊ, माझ्या मेहुण्यानं काय तुला फसवायला आणली का कॅसेट?" दत्ता भडकला.

"मेव्हण्यावर न्हाई, बँडवर संशय हाय."

वाद मिटेना. शेवटी तो कॅसेट घरी घेऊन गेला. बुधवारी कँटीनमध्ये त्याने ती माझ्या हातात दिली. "तू ऐक. बाकीच्यांवर माझा भरवसा न्हाई."

"आणि माझ्यावर?"

"तुझ्यावर संशय घ्यायला कधी जमलंच न्हाई बघ."

आता जे लिहितो आहे, ते मी आजवर कुठे बोललो नव्हतो.

त्या संध्याकाळी मी तिसरं गाणं ऐकून टेप थांबवला. माझी मुलगी तेव्हा नुकती बोलू लागली होती. "तिचा आवाज भरून ठेवा ना," बायको म्हणाली. घरात कोरी कॅसेट नव्हती. विकतच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीवर एक खाच असते. मी ती चिकटपट्टीने बुजवली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी थोडी पट्टी कोरी होती, तिथे भरू म्हटलं. पण गडबडीत कॅसेट उलटवायची राहिली. परत लावून ऐकलं, तर गाणं संपल्यावर टाळ्यांच्या जागी आमची पोरगी म्हणत होती, "बाबा, ये."

मी घाबरलो आणि तिचा आवाजही पुसून टाकला. चिकटपट्टी काढून फेकली.

रविवारी तिसरं गाणं संपलं आणि टाळ्या आल्याच नाहीत. नुसती टेपची खरखर.

"पुरावाच पुसलास की रे!" सावंत त्याला म्हणाला. "खोटा पडलास म्हणून?"

तो चिडला नाही. माझ्याकडे वळला. "बुधवारी तुला दिली तवा टाळ्या व्हत्या. सांग यांना."

मी म्हणालो, "माझ्याकडे आली तेव्हा अशीच होती."

चष्मा कपाळावर सरकवून त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग चपला घातल्या आणि गेला.

ही गोष्ट खात्यात पसरली. त्याने एखादा माल नापास केला की पोरं म्हणायची, "पुसणाऱ्याच्या शिक्क्यावर काय भरवसा, राव?" मी हे ऐकत लेथ चालवत राहिलो. माझे शाफ्ट तो निवृत्त होईपर्यंत तीनदाच मोजत होता. माझ्याशी मात्र एक शब्द बोलला नाही.

गेल्या महिन्यात तीच मैफल नव्याने साफ करून मोबाईलवर आली. दत्ताने आम्हाला बोलावलं. आम्ही तिघे म्हातारे त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसलो. तिसरं गाणं संपलं आणि चाळीस वर्षांनी त्या टाळ्या कानावर आल्या.

"हेच ना त्याने पुसलेलं?" सावंत हसला.

"मी पुसलं होतं," मी म्हणालो. सगळं सांगितलं.

"आता सांगतोयस?" दत्ता म्हणाला. "तो जाऊन वर्ष झालं, राव."

गाणी चालूच होती. सातवं संपलं. टाळ्यांमधून एक शिट्टी वर चढली, मध्येच फुटली, पुन्हा चढली. तिसऱ्या गाण्यामागेही ती अशीच फुटली होती. आम्ही कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तळेगावला गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच मी तिला सगळं सांगितलं. ती मला बसा म्हणाली नाही.

"तुमचं नाव ते कधी काढत न्हवते," ती म्हणाली. "म्या इचारलं तरी न्हाई."

मी मोबाईलवर दोन्ही शिट्ट्या लावल्या. तिने मान खाली घालून ऐकल्या.

"पुन्यांदा लावा."

लावल्या. या वेळी तिने दारातली खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"अजून एकदा," ती म्हणाली. "दोनदा ऐकून त्यांनी मानलं नसतं."