उभ्याने भरलेली ओटी

भिंगारच्या चालणाऱ्यांच्या मंडळात मी गेले ती डॉक्टरने दम दिला म्हणून. निवृत्तीनंतर साखर वाढली होती. मंडळाची रीत ठरलेली. रविवारी सकाळी मिनीबसमध्ये बसायचं, जिल्ह्यातल्या कुठल्या तरी डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, घाम येईपर्यंत चालायचं, मग जवळच्या गावच्या आठवडे बाजारात हिंडायचं आणि शेवटी एखाद्या मळ्यात चुलीवरचं हादडायचं. चालून उतरलेली साखर बाजारातली जिलेबी परत चढवायची, पण ते कोणी बोलत नसे.

मंडळाचे म्होरके एक निवृत्त बँक मॅनेजर. गळ्यात शिट्टी, डोक्यावर लष्करी टोपी, आणि आयुष्यात शेतात पाय टाकलेला नसला तरी शेतीवर अखंड भाषण. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. बाकीच्या बायकाही नाकाने कांदे सोलणाऱ्या. बाभूळ दिसली तरी "किती छान!" म्हणायच्या. मी खेड्यात जन्मले, बाभळीचे काटे मोडून घेतले, त्यामुळे मला त्यात छान काय ते कळत नसे. तरी जात होते, कारण घरात बसलं की डोकं नको तिकडे जातं.

नको तिकडे म्हणजे माहेरी. मुळा धरणाच्या फुगवट्यालगत आमचं गाव आहे. वडील गेले त्या वर्षी भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ साडी घेऊन आला, आणि साडीच्या खाली हक्कसोडीचा कागद. बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावाने तिला जन्मभर साडीचोळी करायची, असा आमच्याकडचा अलिखित करार. सगळ्या बहिणी सही करतात. मी केली नाही. साडी आणि कागद दोन्ही परत दिलं आणि पुढे वाटपाचा दावा लावला. भावजय तेव्हा दारातून एवढंच म्हणाली, "वन्सं, हिस्सा घेतला की वटी बंद." ती शब्दाला पक्की निघाली. त्यानंतर माहेरच्या उंबऱ्याच्या आत मी गेले नाही, की कुणी बोलावलंही नाही.

लोकांना वाटतं, जमीन मागणाऱ्या बाईला माहेर नको असतं. मला दोन्ही हवं होतं. अजून हवं आहे. भावाला दोन्ही मिळालं तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, दोन्हीतलं काय घेतोस.

जानेवारीत एका शनिवारी मंडळाच्या ग्रुपवर मॅनेजरसाहेबांचा मेसेज आला. धरणकाठची रम्य पायवाट, गावचा अस्सल आठवडे बाजार, शेतात गरमागरम हुरडा आणि महिलांसाठी ओटीभरणाचा पारंपरिक सोहळा. खाली फोटो. फोटोत विहीर, विहिरीवर चिंच, चिंचेखाली नव्या खुर्च्या. ती विहीर मी अंधारातही ओळखली असती. भावाने बापाच्या मळ्याचं पर्यटन केंद्र केलं होतं आणि माझ्या हिश्शाच्या जमिनीवर खुर्च्या मांडल्या होत्या.

आमचे हे म्हणाले, "जाऊ नकोस. उगाच तमाशा होईल."

मी म्हणाले, "बापाच्या बांधावर जायला तिकीट काढावं लागत असेल तर काढते." आणि गेले.

डोंगराच्या सोंडेवरून पायवाट निघते. डावीकडे खाली धरणाचं पाणी, पलीकडे उसाचे हिरवे चौकोन, अलीकडे पिकत आलेली ज्वारी. खरं सांगायचं तर देखावा सुंदर होता. पण मॅनेजरसाहेब शिट्टी फुंकून म्हणाले, "दुरून डोंगर साजरे म्हणतात, आपण जवळून पाहतोय," आणि सगळे हसले, तेव्हा मला तो देखावाही नकोसा झाला. याच वाटेने मी शेळ्या घेऊन जात असे. तेव्हा कुणी शिट्टी वाजवली नाही.

बाजारात तर मला लाज वाटली. ट्रॅकपॅन्ट घातलेल्या आमच्या बायका पोत्यांपुढे उकिडव्या बसून मेथीची जुडी हुंगत होत्या, फोटो काढत होत्या आणि न घेताच उठत होत्या. एका म्हातारीने हरभऱ्याच्या ढाळ्यांचा भारा आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाली, "हातात घेतलंय तर घ्या, न्हाईतर ठिवा. पोरगी बघाया आल्यागत करू नका." मला तिचा मुका घ्यावासा वाटला. मी तिच्याकडून चार जुड्या घेतल्या. तिने मान वर करून निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू त्या चिंचंच्या मळ्यातली थोरली न्हवं का?" मी नाही म्हणाले. मला तिथे कुणी ओळखायला नको होतं. म्हातारी पुटपुटली, "बरं बाई, नसशील."

मळ्यात पोचलो तेव्हा चिंचेखालच्या आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. भाऊ कणसं भाजत होता. डोक्यावर गुलाबी फेटा. आमच्या सात पिढ्यांत लग्नाशिवाय कुणी फेटा बांधला नाही. त्याने मला पाहिलं. हातातलं कणीस त्याने जरा जास्तच वेळ विस्तवावर धरलं. मी बाकीच्यांत जाऊन खुर्चीवर बसले. भावजय दुरून लसणाची चटणी वाढत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर कमरेला खोचला.

हुरडा हातावर चोळून भावाने एकेकाच्या ओंजळीत घातला. माझ्याही घातला. चवीला तो गोडच होता, जमिनीच्या भांडणाचा त्याला पत्ता नव्हता. मग मॅनेजरसाहेब म्हणाले, "दादा, या विहिरीचा इतिहास सांगा ना." भावाने पाठ केलेलं भाषण सुरू केलं. ही विहीर आमी बापलेकांनी खांदली, पानी लागंस्तोवर दोगंबी खाली उतरत हुतो, वगैरे.

विहीर खोदली तेव्हा हा चिंचेच्या फांदीला टांगलेल्या झोळीत मुतत होता. मातीची पाटी आईच्या डोक्यावर असे आणि लहान पाटी माझ्या. मला राहवलं नाही. इतर बायका बोलत होत्या तशा गोड आवाजात मी विचारलं, "दादा, विहीर खोदली तेव्हा तुमचं वय काय होतं हो?"

भावाचा हात थांबला. कणसाची एक बाजू काळी झाली. तो म्हणाला, "ल्हान हुतो."

"लहान म्हणजे, चालता येत होतं का?"

बायका खिदळल्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मॅडम फार मिश्कील आहेत!" भाऊ खाली बघून राख उकरत राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. धाकट्या भावाला मी दादा म्हणाले होते, तुम्ही म्हणाले होते, परक्या बाईसारखी. आणि ते भावजयीने ऐकलं होतं.

मग तो सोहळा सुरू झाला. ओटी काय असते हे जिला माहेर आहे तिला सांगावं लागत नाही. लेक निघाली की तिला घरात, देवापुढे, पाटावर बसवतात. कुंकू लावतात, पदरात गहू-तांदूळ, नारळ, खण घालतात. आणि ओटी भरून झाली की लेकीने त्यातले चिमूटभर दाणे परत सुपात टाकायचे. सगळं घेऊन जायचं नाही, म्हणजे माहेर भरलेलं राहतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी ते विसरले तेव्हा आईने मला एसटीच्या थांब्यावरून परत आणलं होतं. एसटी गेली. दुसरी येईपर्यंत आई माझ्याशी बोलली नव्हती. पाहुणीच्या ओटीला मात्र हे काही लागत नाही. ती घेते आणि जाते.

इथे तर अंगणात रांग लावली होती. उभ्याने. पाट नाही, देव नाही. ट्रॅकपॅन्टवाल्यांना पदर कुठून असणार, म्हणून मॅनेजरसाहेबांनी पिशवीतून रंगीत ओढण्या काढून वाटल्या. भावजय सूप घेऊन एकेकीपुढे जाई, कुंकू लावी, ओंजळभर गहू, उसाचं कांडं, मूठभर बोरं घाली आणि हसून विचारी, "ताई, तुमी कुठल्या?" कुणी म्हणे सावेडी, कुणी म्हणे पुणे. ती म्हणे, "लई लांबून आलात, पुन्हा या."

मी रांगेतून निघून जाऊ शकले असते. पाय निघाले नाहीत. मला बघायचं होतं, ही बाई काय करते ते.

ती माझ्यापुढे आली. कुंकू लावताना तिचं बोट थंड होतं. माझ्या डोळ्यांत डोळे घालून, तेच हसू आणून तिने विचारलं, "ताई, तुमी कुठल्या?"

वन्सं नाही, ताई. जी मला पहिल्या दिवसापासून वन्सं म्हणत आली तिने मला रांगेत ताई करून टाकलं. मघा मी तिच्या नवऱ्याला दादा म्हणाले त्याची तिने परतफेड केली होती, आणि माझ्यापेक्षा चांगली केली होती.

मी म्हणाले, "इथलीच. ही विहीर खोदली तेव्हा माती वाहायला होते."

पुन्हा सगळ्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. भावजय हसली नाही. तिने सुपातले गहू ओंजळीने माझ्या ओढणीत घातले. मग आणखी एकदा. मग आणखी. बाकीच्यांना एक ओंजळ, आणि माझी ओढणी जड होईपर्यंत ती घालत राहिली. सूप निम्मं झालं. मग ते सूप तिने माझ्यापुढे धरलं आणि धरूनच उभी राहिली. मागची बाई म्हणाली, "अहो, आमचा नंबर!" भावजय हलली नाही.

ती कशासाठी थांबली आहे हे त्या अंगणात तिघांनाच कळत होतं. तिला, मला, आणि फेट्याखालून बघणाऱ्या माझ्या भावाला. दाणे परत टाक, म्हणजे तू लेक. टाकू नकोस, म्हणजे पाहुणी.

माझी बोटं गव्हात गेलीसुद्धा होती. पण माझा राग माझ्या बोटांपेक्षा जलद आहे. मला उभं करून, उसन्या ओढणीत, परक्या बायकांच्या रांगेत ओटी भरता, आणि वर लेकीची रीत माझ्याकडून वसूल करता? मी ओढणीची गाठ मारली, तिच्या सुपाकडे पाठ केली आणि मिनीबसमध्ये जाऊन बसले. ओढणी मी मॅनेजरसाहेबांना परत दिली नाही. त्यांनी वाटेत दोनदा आठवण करून दिली. मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी ते गहू डब्यात ओतले. दळायला दिले नाहीत, निवडलेही नाहीत. ह्यांनी विचारलं, "किडे होतील, काय करायचंय त्याचं?" मी म्हणाले, "होऊ देत." स्वयंपाकघरात जाताना तो डबा दिसला की माझं डोकं फिरायचं. आईने एसटीवरून परत आणलेली लेक सगळी ओटी घेऊन निघून आली होती. त्याचा दोष मी भाऊ-भावजयीला देत होते आणि अजूनही देते.

पुढच्या महिन्यात दाव्याची तारीख होती. तालुक्याच्या कोर्टात व्हरांड्यात एकच लांब बाक आहे. इतकी वर्षं भाऊ त्याच्या एका टोकाला बसतो, मी दुसऱ्या. मध्ये वकिलांच्या पिशव्या. त्या दिवशी त्याच्या डोक्यावर फेटा नव्हता. बऱ्याच वेळाने समोरच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "आक्का."

मी मधली एक पिशवी सरळ केली.

"ती सूप हालवू देईना. त्या दिसापासनं देवापुढं ठिवलंय. त्यात दुसरं काय घालू देईना, पाखडू देईना. म्या म्हन्लं, अगं उंदरं खात्याल. तर म्हनती, वन्संनी दाने टाकल्याबिगर मी उचलायची न्हाई."

वन्संनी. मी पर्सची चेन उघडली आणि उगाच बंद केली.

"तिला म्हणावं," मी म्हणाले, "उभ्याने भरलेल्या ओटीचे दाणे मी परत देत नाही. आधी पाट मांडा."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आम्ही एकाच दोरीची दोन टोकं आहोत. मग त्याने विचारलं, "आन् दावा?"

"जमिनीचं कोर्ट बघेल. पाट कोर्ट मांडत नाही. तो तुम्ही मांडायचा."

"पाट आईचाच हाय," तो म्हणाला. "माळ्यावर हाय. म्होरं ज्वारीची पोती रचल्याती. समदी काढाया लागत्याल."

"मग काढ," मी म्हणाले.

तेवढ्यात आमचा पुकारा झाला. आम्ही दोघं उठलो, एकाच दारातून आत गेलो आणि एकमेकांच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभे राहिलो.