पार्बताबाईच्या डाल्याशेजारी

मला नागपुरात जगवलं ते पार्बताबाईने. हे आधी सांगून टाकते, म्हणजे ती किती दुष्ट होती ते सांगताना जीभ अडखळणार नाही.

धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर फळवाल्या बायांची रांग बसायची. पार्बताबाई त्या रांगेत पहिली. नागपूरजवळच्या कुहीकडची, सडसडीत, हातात कायम अडकित्ता. गिऱ्हाईक फळं घेऊन फाटकातून आत वळलं की ती त्याच्या पाठीकडे बघून आतल्या रोग्याचं भविष्य सांगायची. सफरचंद मागणाऱ्याचं माणूस वाचतं, मोसंबी मागणाऱ्याचं सांगता येत नाही. आणि जो भाव न करताच पिशवी उचलून गेला, त्याच्याबद्दल ती सुपारी कातरत म्हणायची, "याचं सरलं. उद्या येत नाही हा." पुष्कळदा तो खरंच यायचा नाही. मग दिवसभर तिचा चेहरा पैज जिंकल्यासारखा.

मी कोल्हापूरकडची. पाचवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवरा बांधकामावर म्हणून इतक्या लांब आले. आणीबाणीच्या आगेमागे तो परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. नंदनवन वस्तीतल्या एका खोलीत तो अंथरुणाला खिळलेला, जवळ दोन वर्षांची मुलगी. माहेरी पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. दुसरं टाकायची हिंमत झाली नाही. म्हणून मी संत्र्यांचं डालं डोक्यावर घेतलं.

पण माझी अक्कल अशी की जिथे एकही फळवाली नाही अशी जागा शोधून बसले, रांगेपासून दोन गल्ल्या पलीकडे. वाटलं, इथे मी एकटी म्हणजे सगळं गिऱ्हाईक माझंच. शिवाय दुसरीच्या पोटावर पाय नको. लोक थांबायचे, भाव विचारायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि पुढे रांगेकडे चालू लागायचे. आठवड्यात संत्री मऊ पडली, बुरशी धरली.

एका दुपारी पार्बताबाई आली आणि पायाने माझं डालं गटारात पालथं केलं. "काहून वं, इथं एकटीच काहून बसून राहिली? सुतकात आहे काय?" मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, समजूत वगैरे काही नाही. मग रिकामं डालं उचललं आणि नेऊन आपल्या डाल्याला खेटून ठेवलं. रांगेतल्या बायांनी कालवा केला, आणखी एक वाटेकरीण कशाला म्हणून. पार्बताबाईने त्यांच्या सात पिढ्या काढल्या, तेव्हा त्या गप्प झाल्या.

मी विचारलं, मला शेजारी बसवून तुमचंच गिऱ्हाईक नाही का फुटणार? त्यावर ती जे बोलली ते मी शाळेत शिकलेलं सगळं विसरले तरी विसरणार नाही.

"एकटी बसली की लोकायले वाटते, हे आपल्याले लुटून राहिली. दोघी बसलो की माह्याकडे भाव ऐकते, तुह्याकडून घेते, अन् जिंकलो समजते. आत ज्याचा माणूस मरून राहिला असते, त्याले तेवढंच जिंकता येते."

दुसऱ्या दिवसापासून तिने मला भर फाटकात शिव्या घालायला सुरुवात केली. या परदेशिणीची संत्री नेऊ नका, हिने स्वतःचा नवरा मोडून ठेवला, तुमच्या पेशंटचं काय ठेवणार, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. मी खाली मान घालायचे. लोकांना माझी दया यायची आणि ते माझ्याकडून घ्यायचे. संध्याकाळी मी विचारलं, हे धंद्यासाठी बोलता की मनातलं? ती म्हणाली, "डालं रिकामं झालं ना? मंग." पुढे तिने मलाही तिला शिव्या द्यायला लावलं. मी कसंबसं म्हटलं की यांची मोसंबी जरा आंबट आहे. सगळी रांग हसली. अशा शिवीनं माशीसुद्धा उठत नाही, असं म्हणून ती स्वतःही हसली. तिला हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

तिचा आणखी एक धडा होता. पहिल्या जागेवरचा माल उठतो, शेवटच्या जागेवरचा सडतो. "पहिली जागा भेटली तर कोणासाठी सोडू नको. माह्यासाठीई नाही."

चार वर्षांनी दवाखान्याने जुनं फाटक बंद करून बाजूच्या गल्लीत नवं उघडलं. रांगेला तिकडे हलावं लागणार होतं. नव्या फाटकाशी पहिली जागा पार्बताबाईची, हे कुणी बोलायचीसुद्धा गरज नव्हती. त्या आठवड्यात नवऱ्याच्या पाठीच्या जखमा चिघळल्या होत्या आणि रोज मलमपट्टी झाली नाही तर हातचा जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पहाटेच गेले आणि फाटकाला लागून डालं मांडलं. मागून येणाऱ्या बाया माझ्याकडे बघत एकामागे एक बसत गेल्या.

पार्बताबाई नेहमीच्या वेळेला आली, सात वाजता. डोक्यावरचं डालं न उतरवता उभी राहिली. मी म्हटलं, मावशी, मी सरकते, अर्ध्यात बसू.

"सरकू नको," ती म्हणाली. "शिकली वं तू."

आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. ती रांगेच्या शेवटी जाऊन बसली, जिथे दिवसभर ऊन फळांवर पडायचं. मी उठले नाही. माझं डालं दुपारपर्यंत रिकामं झालं. संध्याकाळी पाहिलं तर ती एकेक मोसंबं अंगठ्याने दाबून बघत होती आणि गटारात टाकत होती.

असं सहा महिने चाललं. तेवढ्या दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. साधी शिवीसुद्धा दिली नाही, आणि शिवीसाठी माणूस किती तरसतं ते मला तेव्हा कळलं. मग ती यायची थांबली. मुलगा तिला कुहीला घेऊन गेला म्हणे.

नवरा त्या जागेच्या जोरावर अजून जिवंत आहे. मुलगी यंदा सातवीला आहे. पुन्हा तशीच पहाट आली तर मी घरी थांबेन, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. याचीच जास्त भीती वाटते.

मागच्या महिन्यात कुहीहून आलेल्या एका माणसाने सांगितलं की पार्बताबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, आणि मुलगा म्हणतो, या वयात हिला काय बघायचं राहिलंय. डोळ्यांचा दवाखाना आमच्या रांगेपासून हाकेवर आहे. पाऊस सरला की मी कुहीला जाणार आहे. ती ओळख देणार नाही, कदाचित हाकलूनही देईल. तरी तिला हाताला धरून एसटीत बसवीन, ऑपरेशन होईपर्यंत उशाशी बसेन, आणि पट्टी सुटेल तेव्हा समोर उभी राहीन. माझं तोंड बघून तिला जे बोलायचं ते बोलू दे. एवढं तरी मी तिचं फेडणारच.