उमरेड लाइनवरचे तीन दिवस

एप्रिलात नागपूरला निघाले तेव्हा घरच्यांनी पाण्याच्या बाटलीबरोबर एक कांदाही माझ्या पिशवीत टाकला. कांदा जवळ असला की ऊन बाधत नाही म्हणतात. मी हसले, पण तो काढला नाही.

माझा धंदा चारचौघांत सांगायला अवघड आहे. कारखान्यातून निघालेला माल दुकानाच्या फळीवर पोचेपर्यंत कुठे अडतो, का अडतो आणि अडू नये म्हणून काय करावं, हे मी व्यापाऱ्यांना सांगते. गोदामं पाहते, गाड्यांच्या खेपा ठरवून देते, नवं वितरण केंद्र कुठे नि कसं बांधावं ते सुचवते. या खेपेला चहा-बिस्किटं बनवणाऱ्या एका कंपनीनं मला तिच्या नागपूरच्या वितरकाकडे पाठवलं होतं. त्याचा माल दुकानांत वेळेवर पोचत नव्हता. हे असंच चाललं तर एजन्सी काढून घेऊ, असं कंपनीनं त्याला बजावलं होतं.

गाडी सकाळीच पोचली. स्टेशनाबाहेर ऊन आधीच कामाला लागलं होतं. मेट्रोनं सीताबर्डीला उतरले, खोलीवर सामान टाकलं आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) मागितले. गाडीवाल्यानं माझ्या दोन वाक्यांवरूनच मला ओळखलं.

"पुण्याच्या दिसता. तर्री कमी टाकू?"

"नेहमीसारखी टाका," मी ताठ्यानं म्हटलं.

"मंग नंतर मले काही म्हणू नका जी."

चौथ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि पांढऱ्या कुर्त्यावर तर्रीचा लाल डाग पडला. पुण्याची अब्रू मी तिथंच घालवली. त्या माणसानं लिंबू पुढे केलं.

वितरकाचं गोदाम लकडगंजला. लाकडाच्या वखारी, हातगाड्या, अर्ध्या रस्त्यात उभे टेम्पो, त्यातून वाट काढत रिक्षा एका जुन्या शेडपाशी थांबली. मालक वसंतराव साठीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. त्यांनी स्वतः गोदाम दाखवलं. जमिनीवर मधोमध पिवळ्या रंगाचा जाड पट्टा होता.

"इकडे वर्धा लाइन, तिकडे उमरेड लाइन," ते म्हणाले. लाइन म्हणजे एका रस्त्यावरची सगळी गावं आणि त्यांतली दुकानं. वर्धा लाइन वसंतरावांची. उमरेड लाइन त्यांच्या धाकट्या भावाची होती. तो गेल्यापासून त्याची बायको सुनंदाबाई ती चालवत होती.

मी दोन्ही बाजूंनी फिरले. वर्ध्याच्या बाजूला चहाच्या पेट्यांची थप्पी छताला लागली होती, उमरेडच्या बाजूला चहाची एकही पेटी नव्हती. उलट तिकडे बिस्किटांचे खोके धूळ खात होते आणि वर्ध्याकडे बिस्किटांची फळी रिकामी. इतका उघडा गोंधळ मी फार कमी गोदामांत पाहिला आहे. एका पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही दुखणी आणि दोन्ही औषधं पडली होती. मला राग आला. बेफिकिरीचा मला नेहमीच येतो.

दुपारी वसंतरावांनी हिंगण्याला नेलं. तिथे एमआयडीसीत त्यांनी नवी शेड घेतली होती. पाळी सुटायची वेळ होती. मोटरसायकलींच्या लोंढ्यातून आणि कंपन्यांच्या बसमधून कामगार घरी निघाले होते. शेड ऐसपैस, हवेशीर, ट्रक वळायला भरपूर जागा. आत शिरले आणि थबकले. कोऱ्या फरशीवर मधोमध तसाच पिवळा पट्टा ओढून ठेवला होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"आपल्याकडे तसंच आहे ना," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तसं पाहता आता गरज नाही राहणार. उमरेड लाइन बंद करून वर्ध्यात मिळवावी म्हणतो. लहाना गेला तवापासून ते लाइन बसून राहिली. घरच्या बाईमाणसाले कुठवर उन्हातान्हात फिरवावं? तुम्ही तुमच्या रिपोर्टात लिहा म्हणजे झालं."

त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, थकवा होता. मी म्हटलं, उमरेड लाइन पाहिल्याशिवाय काही लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईंच्या पिकअप गाडीत बसले. चाळिशीच्या, सावळ्या, हातात घड्याळाशिवाय काही नाही. गाडी त्या स्वतः चालवत. मी बसताच त्यांनी आपल्याजवळचा एक दुपट्टा माझ्याकडे फेकला.

"डोक्याले, कानाले बांधा मॅडम. नाही तर संध्याकाळी मलेच दवाखान्यात न्यावं लागन तुम्हाले."

उमरेडच्या रस्त्याला शहर लवकर संपतं. पुढे मोकळी रानं, पानं झडलेला साग, मधूनच लालजर्द पळस. उमरेडजवळ कोळशाच्या खाणींचे काळे ढीग दिसले आणि रस्त्यावर काळी धूळ उडू लागली. सुनंदाबाई प्रत्येक दुकानदाराला नावानं ओळखत. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं विचारून मग मालाचं बोलणं. पण प्रत्येक दुकानात बोलणं एकाच ठिकाणी येऊन अडत होतं. भिवापूरला एका वयस्क दुकानदारानं ते स्पष्टच सांगितलं.

"बाई, तुम्ही चांगल्या आहा. पण चहा काहून नाही आणत? गिऱ्हाइक परत जाते. मी आता दुसऱ्याकडून घेऊन राहिलो, राग मानू नका."

"राग कायचा, काका," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

गावाबाहेर कडुनिंबाखाली गाडी उभी करून आम्ही डबा उघडला. त्यांनी गोळाभात (बेसनाचे गोळे घालून केलेला भात) आणला होता, वरून फोडणीचं तेल घालायला वेगळी बाटली. पहिला घास खाल्ला तरी माझा राग तोंडाबाहेर आलाच.

"चहाची थप्पी मी काल डोळ्यांनी पाहिली. तुमच्याच गोदामात."

"ते दादांच्या लाइनचं आहे."

"मग मागायचं."

"कोणाले मागू?" त्या म्हणाल्या. "ते माझे भासरे (नवऱ्याचे थोरले भाऊ) होत. आमच्यात भासऱ्याशी बोलत नाहीत. लग्न झालं तवापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, ना ते माझ्याशी. हे होते तवा हेच मधात. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे, दिवसातून दहादा. पट्टा होता, पण यांना पट्टा नव्हता."

"आणि आता?"

"आता घरी जाऊबाईले सांगते. त्या म्हणतात, सांगीन. कधी सांगतात, कधी विसरतात. एकदा मी मेसेज टाकला मोबाईलवर. त्यांनी पाहिला. पण उत्तर काय देतील बिचारे? त्यांनाही तर संकोच वाटते."

मी डबा खाली ठेवला. मी याला बेफिकिरी समजत होते. ही तर उलट अती मर्यादा होती. दोघंही एकमेकांचा मान इतका जपत होते की धंदा बुडायला आला होता.

"मॅडम, मले ठाऊक आहे दादांच्या मनात काय आहे," त्या म्हणाल्या. "लाइन गेली तर उपाशी नाही मरणार मी. चांगलं घर आहे, दोन वेळचं मिळन. पण मग सकाळी उठून जाऊ कुठं? या रस्त्यावर यांना ओळखणारे लोक आहेत. घरात तर…" डबा धुऊन त्यांनी गाडी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लकडगंजच्या ऑफिसात बैठक होती. वसंतराव टेबलामागे. सुनंदाबाई डोक्यावर पदर घेऊन कपाटाजवळच्या खुर्चीवर, तोंड खिडकीकडे. दोघांत फार तर चार हातांचं अंतर. मी मधे.

"मॅडम, त्यांना विचारा, बिस्किटाचा जुना माल किती आहे म्हणून," वसंतराव मला म्हणाले.

सुनंदाबाईंनी खिडकीला आकडा सांगितला. मी तो वसंतरावांना सांगितला. तो त्यांना आधीच ऐकू आला होता, तरी त्यांनी माझं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली. असं तीन-चारदा झालं. शेवटी माझा तोल गेला.

"मी उद्याच्या गाडीनं पुण्याला जाते आहे," मी म्हटलं. "परवा कोण सांगेल? हिंगण्याला कितीही मोठी शेड बांधा, कितीही फळ्या लावा. माल एकत्र ठेवा, ज्याचं दुकान आधी मागेल त्यानं उचलावा, दोन्ही लाइनी चालू द्या. एवढाच माझा सल्ला. पण तो ज्यांनी पाळायचा ते एकमेकांशी बोलत नाहीत. याच्यावर माझ्याकडे उपाय नाही."

बाहेर वखारीत करवत सुरू झाली आणि थांबली. मला वाटलं, मी परक्या घरात फार पुढे गेले. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात सुनंदाबाई उठून उभ्या राहिल्या. पदर होता तिथंच होता, पण मान वळली होती.

"दादा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "उमरेडले चहा संपला. तुमच्या थप्पीतला पाहिजे होता."

वसंतराव टेबलाकडे पाहत राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, "घेऊन जा." मग घसा खाकरून, "मलेही बिस्किट पाहिजे होते. कधीचे."

"घ्या ना जी."

"उमरेड तुमचीच राहील," ते म्हणाले. या वेळी माझ्याकडे न पाहता. "विनायकची जागा आहे ते. कोण घेईन ते?"

धाकट्या भावाचं नाव मी तीन दिवसांत पहिल्यांदा ऐकत होते. सुनंदाबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावला. वसंतराव उठले, दारापर्यंत गेले, तिथंच पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी कागद आवरले आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेला सुनंदाबाई स्टेशनवर आल्या. उमरेडला निघालेली भरलेली पिकअप बाहेर उभी होती. एजन्सी राहील का, त्यांनी विचारलं. कंपनीला मी राहू द्या म्हणून लिहिणार आहे, पुढचं तिच्या हातात, एवढंच मी सांगू शकले.

"आता जाऊबाई बोलत नाहीत माझ्याशी," त्या हसून म्हणाल्या. "म्हणतात, लाज सोडली हिनं. बोलतील वं ताई कधी तरी. त्यांच्याकडे कुठं गोदाम आहे, माल अडायले!"

मग हसू ओसरलं. "काल दादा जेवताना यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होते. मी दाराआड बसून ऐकत होती. एकही मले माहीत नव्हती. घरात कोणी यांचं नावच नव्हतं घेत, ताई. मले वाटे, हे लोक त्यांना विसरले."

गाडी हलली. हात हलवत त्या मागे राहिल्या. मी खिडकीशी बसून अहवाल लिहायला घेतला आणि बराच वेळ एक ओळही लिहिता आली नाही. त्या दोघांचं एकच माणूस गेलं होतं, आणि एका छपराखाली राहून इतके दिवस दोघं वेगवेगळे रडत होते.