ग्रहणासाठी कापलेल्या पट्ट्या

ग्रहण बघायला म्हणून मी माझ्या दिराची चार वर्षं कैचीने कापली. कापल्या खरं तर निगेटिव्हच्या पट्ट्या. पण त्या पट्ट्यांत त्याची चार वर्षं होती आणि घरात ते दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं.

वर्ध्याजवळ सिंदी गावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दिराचा फोटो स्टुडिओ होता. मागे आम्ही राहायचो: सासूबाई, माझे यजमान आणि मी. दीर बिनलग्नाचा. लग्नं, बारशी, पासपोर्ट हे त्याचं पोटापाण्याचं काम. उरलेल्या वेळात तो सायकल काढून गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जायचा आणि असले फोटो काढायचा, ज्यांत माणूस नाही, झाड नाही, काहीच नाही. भिंतीच्या चुन्यात अडकलेला कापसाचा पुंजका. पत्र्यावरून ओघळून वाळलेलं डांबर. तेही इतक्या जवळून, की बघणाऱ्याला भिंत दिसू नये. रंगीत रीळ लग्नासाठी राखून ठेवायचा. हे सगळं काळ्यापांढऱ्यात.

एकदा त्याने बारा-पंधरा फोटो बाजेवर माझ्यापुढे मांडले. मी मेथी निवडत होते. तो बाजूला उभा राहिला. मी एक उचलला, सुलटा-उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "भाऊजी, ही कोनाची खरूज होय?"

सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. त्या काळी मला माझ्या जिभेचं भारी कौतुक होतं. लगेच दुसरा उचलून मी विचारलं, "अन् याच्यात नवरी कुठं हाये?" तोही हसला. हसत हसतच त्याने फोटो गोळा केले. ते त्याने पुन्हा कधी बाजेवर मांडले नाहीत.

पुढच्या वर्षी नागपूरच्या एका चित्रकलेच्या मास्तरांनी ते फोटो कुठेतरी पाहिले आणि मोठे करून प्रदर्शनात लावू या म्हणाले. दीर हे यजमानांना सांगत होता, मी आतून ऐकलं. यजमान म्हणाले, "लोकं तिकीट काढून भिंत पाह्यतीन का?" जिनिंग तोवर पाडून झालं होतं. नुसतं सपाट मैदान. म्हणजे मोठे फोटो करायचे तर जे काही होतं ते निगेटिव्हमध्येच. दिवाळीच्या तोंडावर तो फोटो छापायचा मोठा कागद आणायला नागपूरला गेला, मुक्कामाने. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण होतं.

आता माझं सांगते. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलेली. लग्न झालं म्हणून शिक्षण सुटलं, असं मी सुनांना सांगते. नापास झाले होते ते सांगत नाही. गल्लीत मात्र मी शास्त्रज्ञ. सगळ्या बायका दारं लावून, पाण्यात तुळशीचं पान टाकून बसणार, आणि मी त्यांना ग्रहण दाखवणार, असं मी आठवडाभर सांगत सुटले होते. काळी फिल्म दुहेरी करून डोळ्यापुढे धरायची, एवढं मी कुठेतरी ऐकलं होतं.

स्टुडिओत लग्नांच्या निगेटिव्ह पाकिटांत होत्या, पाकिटांवर नावं. त्यांना मी हात लावला नाही. तेवढी अक्कल होती. कोपऱ्यात बिस्किटांचा एक डबा होता, त्यातल्या पट्ट्यांवर नाव नाही, गाव नाही. ट्यूबलाइटपुढे धरून पाहिलं, एकाही चौकटीत माणूस नाही. बिघडलेल्या असतील, असं मी ठरवून टाकलं; बाजेवरचे ते फोटो मला आठवलेही नाहीत. शिवाय त्या होत्याही छान गडद. पांढरी वस्तू निगेटिव्हमध्ये काळी उतरते, आणि त्याने चार वर्षं चुना अन् कापूसच टिपला होता. सूर्यापुढे धरायला याहून बरं काय मिळणार! जुन्या लग्नपत्रिकांना भोकं पाडून, दोन-दोन तुकडे एकावर एक चिकटवून मी चष्मे केले. सबंध डबा संपवला.

सकाळी अख्खी गल्ली आमच्या गच्चीवर. "बाई शिकलेली हाये," असं कोणी म्हटलं की मी आणखी एक चष्मा वाटायची.

ग्रहण सुटलं. ग्रहणात वापरलेली वस्तू आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. सासूबाईंनी सगळे चष्मे परत मागून घेतले आणि म्हणाल्या, "बंबात टाक, आंघोळीचं पानी तापू दे." मी टाकले. फिल्म आकसून पेटते, वास येतो. त्या पाण्याने मी डोक्यावरून न्हाले.

दीर दुपारच्या गाडीने आला. बगलेत कागदाची गुंडाळी. पाच मिनिटांनी रिकामा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी उत्साहानेच सांगितलं, कुठल्या घेतल्या, का घेतल्या, नाववाल्यांना कसा हात लावला नाही. त्याने एवढंच विचारलं, "एकही नाई उरली?" मी म्हणाले, "अजी, त्या बिघडलेल्या होत्या ना?" तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. कागद त्याने पुढे पासपोर्ट फोटोंसाठी कापून वापरला. नागपूरहून दोन पत्रं आली. त्याने उत्तर दिलं नाही. तसला फोटो त्याने पुन्हा काढला नाही. लग्नं काढत राहिला, चांगली काढायचा.

बऱ्याच वर्षांनी, नातवंडं झाल्यावर, वर्ध्याला दाताच्या डॉक्टरकडे माझा नंबर लागायचा होता. समोरच्या भिंतीवर मोठी फोटोफ्रेम. नुसता गंज, आणि गंजावरून उतरलेली पाण्याची रेघ. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून मी बघत बसले. बघता बघता ती रेघ नदीसारखी झाली, मग कोणाच्या तरी पाठीच्या कण्यासारखी, मग कशासारखीच नाही, आणि तरी नजर हलेना. नंबर पुकारला तो मला ऐकू आला नाही.

सिंदीला उतरले ती सरळ पुढच्या खोलीत गेले. दिराचे केस पांढरे झाले होते. कॉम्प्युटरवर कोणाच्या तरी पासपोर्ट फोटोमागे निळा रंग भरत होता. मी स्टुलावर बसले आणि विचारलं, "भाऊजी, त्या डब्यातल्या फोटोंत काय काय होतं? एकेक सांगा. मले ऐकाचं हाये."

त्याने फोटोमागचा उरलेला कोपरा निळा केला. मग म्हणाला, "वहिनी, हे तुमी त्या दिवशी बाजेवर इचारलं असतं, त म्या दिवसभर सांगतलं असतं. आता मलेच ध्यानात नाई."