गार रक्त

सासूने रक्ताची पिशवी कढत पाण्याच्या पातेल्यात बुडवली, तेव्हा मला मुलगी होऊन तास झाला होता आणि माझा रक्तस्राव थांबत नव्हता. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या दवाखान्यात तेव्हा नुकतंच काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकच्या पिशवीतून रक्त येऊ लागलं होतं. नर्स सुई आणायला वळली, तेवढ्यात म्हातारीने डाव साधला. “बाळंतिणीला गार चालत न्हाय, आन् ही बया बर्फावानी रक्त घालाय निघालीया!” नवरा दारात उभा राहून मान हलवत होता, त्याला तेवढंच जमायचं. शेकासाठी आणलेल्या स्टोव्हच्या रॉकेलच्या वासात तापलेल्या प्लास्टिकचा वास मिसळला. नर्सने पिशवी उचलून उजेडात धरली. “आजी, रक्त उकडलंत की! पेशी फुटल्या सगळ्या. हे घातलं तर सून जाईल.” सासू खजील होणारी नव्हती. “पिशवीचंच इख उतरलं आसंल, वास बघ की!” नर्स दुसरी पिशवी आणायला धावली, आणि मायलेक माझ्या उशाशी बसून प्लास्टिकला शिव्या देत राहिले. परवा नव्या रेनकोटला तसाच वास आला, म्हणून रक्तपेढीत काम करणाऱ्या नातीला विचारलं. ती म्हणाली, प्लास्टिक मऊ करणारं तेलकट द्रव्य रक्तात उतरतं खरं, पण त्यानेच पेशींचं आवरण जास्त दिवस टिकतं. ते फोडलं कढत पाण्याने. सासू मात्र मरेपर्यंत सांगत राहिली की पिशवीतलं इख उघडं पाडून सुनेला तिनेच वाचवलं. दुसरी पिशवी नर्सने गारच लावली. मी आणि मुलगी, दोघी जगलो.