ऱ्हाइनच्या अलीकडचे सहा महिने

मायनराड ग्योपर्टबद्दल लिहायचं तर मला आधी स्वतःचे कान पकडायला हवेत. पण ते पुढे.

जर्मनीत ऱ्हाइनकाठी, केलजवळच्या आमच्या गावात त्याची अ‍ॅस्परॅगसची शेती माझ्या कुंपणाला लागून. चाळीस वर्षांचा शेजार. माणूस हट्टी, कंजूस आणि हाताने देवासारखा. काहीही मोडलं की आधी त्याच्या पडवीत जायचं. बायको ओदिल नदीवरच्या पुलापलीकडची, फ्रान्समधली. वरंब्यावर वाकून मातीतले ते पांढरे कोंब कापता कापता तिची कंबर कायमची गेली. शेवटची दोन वर्षं ती खुर्चीत बसून सगळ्या गावाला फ्रेंचमध्ये शिव्या घालायची. आम्हाला कळणार नाहीत असं तिला वाटायचं. आम्हाला सगळ्या कळायच्या.

ती गेली आणि मायनराड तीन हिवाळे पडवीत कोंडून घेऊन बसला. बाहेर आला तो उभ्याउभ्या कोंब कापायचं हत्यार घेऊन. लांब दांडा, टोकाला पातं, मुठीत खटका. पातं मातीत घालायचं, खटका दाबायचा, कोंब अलगद चिमट्यात येतो.

पलीकडे स्ट्रासबुर्गात एक अवजारवाला होता. तो म्हणाला, "फ्रान्समध्ये तुला पेटंट मिळालं तर करार करू." मायनराडची अट एकच होती. प्रत्येक दांड्यावर 'ओदिल' कोरायचं. अवजारवाल्याने मान डोलावली. पेटंट मिळालं तर.

आता माझं. मी ऑफेनबुर्गला पेटंट वकिलाच्या कचेरीत सव्वीस वर्षं होते. अर्ज, तारखा, मुदती, सगळं माझ्या हातचं. वकीलसाहेब बदलले, मी नाही. त्यामुळे गावात माझी ऐट.

एप्रिलमध्ये मी कांद्याची रोपं लावत होते. मायनराड कुंपणावरून म्हणाला, "हेडविग, मेच्या मेळाव्यात हत्यार दाखवू का गं? की आधी अर्ज करायचा?"

"दाखव की बिनधास्त," मी म्हटलं. मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "सहा महिन्यांची सवलत असते. सीझनमध्ये कशाला वणवण करतोस? ऑक्टोबरात टाकू अर्ज."

सवलत असते. पण आमच्याकडच्या छोट्या पेटंटाला, जे जर्मनीपुरतंच चालतं. युरोपच्या मोठ्या पेटंटाला एका दिवसाचीही माफी नाही. अर्जाआधी स्वतःची वस्तू स्वतः चारचौघांत दाखवलीत तरी संपलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते हजारदा टाइप केलं होतं. पण पूल उघडा, पैसा एक, ट्राम इकडून तिकडे जाते, तेव्हा कायदाही एकच असल्यासारखी मी बोलून गेले. फुशारकी, दुसरं काय.

मेळाव्यात मायनराड भाव खाऊन गेला. फोटो मी काढला आणि मीच वर्तमानपत्राला पाठवला.

छोट्या आणि मोठ्या, दोन्ही पेटंटांचे अर्ज ऑक्टोबरात गेले. पुढच्या उन्हाळ्यात मोठ्याच्या तपासणीचा अहवाल कचेरीत आला. त्यात आड येणाऱ्या कागदांची यादी असते आणि सगळ्यात घातक कागदापुढे X. पहिल्याच ओळीत X. सोबत कात्रण. मायनराड हत्यार उंच धरून हसतोय आणि खाली शोधल्याशिवाय न दिसणाऱ्या बारीक अक्षरात माझं नाव.

वकीलसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. मी कॉफी घेऊन आत गेले.

"जर्मनीत तुमचा हक्क शाबूत आहे," साहेब म्हणाले. "फ्रान्समध्ये काही उरलं नाही. पण ग्योपर्ट, अर्जाआधी दाखवायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

मायनराडने नाक शिंकरलं. "कोणी नाही. मलाच वाटलं, सहा महिने चालतात."

"निदान विचारायचं तरी. आमची हेडविग तुमच्या शेजारी राहते."

"हो ना," तो म्हणाला. "चुकलंच."

मी कपात कॉफी ओतत होते. बशीत सांडली, ती पुसली आणि बाहेर आले. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. एवढंच मनात होतं, सांगायला लाज वाटते.

पुढच्या वसंतात पुलापलीकडच्या दुकानांत तेच हत्यार आलं. कायद्याने त्यात काही गैर नव्हतं. दांडा हिरवा, गुळगुळीत, त्यावर कोणाचंच नाव नाही. मायनराडने एक विकत आणलं, खटका दाबून पाहिला आणि म्हणाला, "चांगलं केलंय हलकटांनी."

दरवर्षीसारखी पहिल्या कोंबांची जुडी त्याने माझ्या दारात ठेवली. मी ती सोलली, उकडली आणि खाल्ली. असे तीन वसंत गेले.

शेवटी यंदा सेंट जॉनच्या दिवशी, चोवीस जूनला कापणी थांबते तेव्हा, मी कुंपणाशी गेले. तो पातं तेलाने पुसत होता.

"मायनराड, ते सहा महिने मी सांगितले होते."

"माहितेय."

"मग साहेबांपुढे बोलला का नाहीस? माझी नोकरी जाईल म्हणून?"

त्याने पातं उलटं केलं, दुसरी बाजू पुसली.

"नाही गं," तो म्हणाला. "तू तिथेच उभी होतीस. म्हटलं, तू सांगशील."