पाव फुगावा म्हणून दार लावलं

पोरीनं दाराची कडी काढली म्हणून मी तिच्या तोंडात मारली. चांगली जोरात मारली. माझ्या हातात अजून जोर आहे, पाण्यानं भरलेला हंडा मी एकटी उचलते. ती रडली नाही. चौकट धरून उभी राहिली आणि दाराच्या फटीत तोंड घालून श्वास घ्यायला लागली. मला वाटलं, हट्ट करतेय. दार परत लोटायला पुढं झाले तर माझ्याच पायातलं बळ गेलं आणि मी उंबऱ्यावर बसले. बसल्या बसल्या मागं बघितलं. धाकटा नातू भिंतीकडं तोंड करून पडला होता. मघापासून मला तो झोपलेला वाटत होता. आता त्याच्या तोंडातून सकाळचा हुरडा बाहेर आला होता, आणि मी हाक मारली तरी तो हलत नव्हता.

ही माझ्या मुलाची लेकरं. मुलगा नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत आहे, सून बँकेत. मी इकडं कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावात एकटी राहते. थंडीत शाळेला सुट्टी लागली की दोघं लेकरं माझ्याकडं येतात. तेव्हा पोरगी चौथीत होती, पोरगा पहिलीत. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं, म्हणून ती सगळ्या गल्लीला सांगत होती की आज्जी आणि मी एकाच वर्गात आहोत, फक्त आज्जी नापास होत राहिली.

त्या वेळी तिनं बॅगेतून यीस्टची पुडी आणली होती. तिची आई घरी पाव करते, तिकडं ओव्हन आहे. पोरीला इथं करून दाखवायचे होते. मला पावाचं काही कौतुक नव्हतं. आमच्या घरात पाव यायचा तो ताप आलेल्या माणसासाठी, चहात बुडवून द्यायला. धडधाकट माणसानं पाव मागितला तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघायचे. पण लेकरांनी फारच हट्ट धरला, म्हणून बाजारातून मैदा आणला.

पहिल्या दिवशी आम्ही ओट्यावर पीठ मळलं. पोरगी शिकवत होती आणि मी ऐकत होते. कोमट पाण्यात साखर घालायची, त्यात यीस्ट टाकायचं, फेस आला की मैद्यात ओतायचं. पोरानं मळायच्या नावाखाली पिठाचा साप केला, त्याला मिरीचे डोळे लावले आणि बहिणीच्या मानेवर सोडला. तिनं तोच साप त्याच्या बनियनमध्ये घातला. मी दोघांना ओरडले, पण हसूही येत होतं. मग पीठ झाकून ठेवलं. ती म्हणाली, आता हे फुगून दुप्पट होतं. दुपार झाली तरी ते होतं तेवढंच. मी म्हणाले, बास झालं, भाजू. मोठ्या पातेल्यात मीठ पसरलं, त्यावर ताटलीत गोळे ठेवले, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. आम्ही पूर्वी नानकटाई अशीच भाजायचो. पाव झाले ते दगडासारखे. पोरानं एक घेऊन भिंतीवर आपटला तर भिंतीचा पोपडा निघाला.

संध्याकाळी पोरीनं आईला फोनवर सगळं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता. सून हसत होती. म्हणाली, "आत्याबाईंना म्हणावं, तुम्ही आपली भाकरीच थापा. पाव सगळ्यांना न्हाई जमत."

ती सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला लागलं. माझ्या हातची भाकरी फुगली नाही असं कधी झालेलं नाही, आणि ही मला सांगणार? लेकरांना मऊ पाव खाऊ घालायचा होता म्हणून दुसऱ्यांदा केले, असं मी नंतर लोकांना सांगितलं. खरं म्हणजे मला सुनेला फोटो पाठवायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात हुरडा खाऊन आलो आणि परत पीठ मळलं. पोरगी म्हणाली, थंडीमुळं फुगलं नसेल, उबेला ठेवायला पाहिजे. मी म्हणाले, ऊब कशी करायची ते मला शिकवू नको.

मुलानं दोन वर्षांपूर्वी मागच्या बाजूला एक खोली बांधली होती. वर स्लॅब, खिडक्यांना सरकत्या काचा. लावून घेतली की मुंगी आत शिरत नाही. तीच खोली मी धरली. अंगणात बाभळीची लाकडं पेटवली, त्यांचा धूर पूर्ण जाऊ दिला, आणि लालभडक निखारे घमेल्यात भरून आत नेले. धूर असता तर मीच नेले नसते. धूर कळतो, डोळ्याला लागतो. निखाऱ्याला मी कधी भ्यायले नाही. जुन्या घरात थंडीच्या दिवसांत निखाऱ्याचं घमेलं खाटेजवळ ठेवून मी माझी लेकरं वाढवली. पण ते घर पत्र्याचं होतं. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती आणि रात्रभर वारा यायचा. त्या वाऱ्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. तोच आम्हाला सांभाळत होता, हे मला पुढं डॉक्टरनं सांगितलं.

खिडक्या लावल्या. पिठाचं पातेलं माझ्या शालीत गुंडाळून घमेल्यापाशी ठेवलं. दाराखालून गार वारा यायला लागला, म्हणून तिथं रग घडी करून लावला आणि वरून कडी घातली. लेकरं सारखी आत-बाहेर करत होती. मी म्हणाले, एकतर आत बसा नाहीतर बाहेर, दार उघडलं की ऊब जाती. त्यांना पीठ फुगताना बघायचं होतं. आत बसली. सापशिडी काढली.

थोड्या वेळानं पोरगी म्हणाली, "आज्जी, डोकं दुखतंय."

"मोबाईल बघून बघून दुखून राह्यलं. गप खेळ."

माझंही दुखत होतं. पण माझं डोकं थंडीत दुखतंच. पोरगा म्हणाला, मळमळतंय. मी म्हणाले, हुरडा हावऱ्यासारखा खाल्ला म्हणून. तो भिंतीकडं सरकून आडवा झाला. मी म्हणाले, बरं झालं, झोपू दे, तेवढंच शांत. पोरीनं परत विचारलं, दार उघडू का. मी नाही म्हणाले. पातेल्यावरचं झाकण नुकतंच थोडं वर आलं होतं. मला ते दिसत होतं. माझं सगळं लक्ष तिथं होतं.

मग ती न विचारता उठली. तिची चाल वेडीवाकडी होती. तिनं पायानं रग सारला आणि कडी काढली. पुढं मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

मला उंबऱ्यावरून उठता येईना. पोरगीच गल्लीत गेली आणि तिनं समोरच्या शेजारणीला आणलं. त्या बाईनं आत जाऊन पोराचे पाय धरले आणि त्याला फरफटत अंगणात काढलं. तिच्या नवऱ्याची जीप आहे. आम्हा तिघांना त्यात घातलं. पिंपळगावच्या डॉक्टरांनी तिघांच्या नाका-तोंडाला ऑक्सिजन लावला आणि अंबडला पाठवलं. वाटेत पोराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्याच्या नाकापुढं बोट धरून बसले होते. श्वास लागत होता, पण तो डोळे उघडत नव्हता.

अंबडच्या दवाखान्यात आम्हा दोघींना शेजारी शेजारी खाटा दिल्या. पोराला आत नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय केलं होतं. मी निखाऱ्याचं सांगितलं. ते म्हणाले, बंद खोलीत निखाऱ्याचा विषारी वायू साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. अजून थोडा वेळ दार बंद राहिलं असतं तर आत कोणी जिवंत सापडलं नसतं. पोराचं आत्ताच काही सांगता येत नाही. शुद्धीवर आला तरी डोक्यावर परिणाम राहिला का ते बघावं लागेल.

नर्सनं पोरीला विचारलं, "गालाला काय झालं गं?"

पोरगी म्हणाली, "पडले."

मी हाताच्या अंतरावर होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. वर फिरत नसलेल्या पंख्याकडं बघत राहिली.

दिवस मावळायच्या आत मुलगा आणि सून जालन्याहून आले. सून सरळ पोराकडं गेली. मुलगा माझ्या खाटेपाशी आला. डॉक्टरांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की दार वेळेवर उघडलं म्हणून वाचले. त्यानं माझे पाय धरले. म्हणाला, "आई, तू दार उघडलं म्हणून लेकरं राह्यली." मी गप्प राहिले. माझ्या तोंडाला मास्क होता. तो मास्क काढून मी तोपर्यंत दोनदा पाणी मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरानं डोळे उघडले. म्हणाला, लघवीला जायचंय. डॉक्टरांनी त्याला नाव विचारलं, बोटं मोजायला लावली, चालायला लावलं. सगळं त्यानं बरोबर केलं. तेव्हा सून पहिल्यांदा रडली. मी नाही रडले. मला वाटलं, आता पोरगा चांगला आहे, म्हणजे बाकीचं कोणी विचारणार नाही. असं मला वाटलं होतं, ते इथं लिहून ठेवते.

घरी आल्यावर माणसं भेटायला यायला लागली. शेजारीण म्हणाली, "मावशी, तुमचं पीठ मात्र झकास फुगलं होतं. झाकण पाडून जमिनीवर आल्तं." तिनं ते शेळ्यांना घातलं होतं. ती एवढं बोलून थांबली, पण तिनं अंगणात पोरीचा गाल बघितला होता. त्या दिवशी अंगणात चांगलं ऊन पडलं होतं. पातेलं उन्हात ठेवलं असतं तरी पीठ फुगलं असतं. हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मलाच नंतर सुचलं.

आल्या-गेल्याला मुलगा तीच गोष्ट सांगत होता. आई म्हातारी, स्वतःला चक्कर येत होती, तरी सरपटत जाऊन दार उघडलं. सरपटत हे त्यानं कुठून आणलं माहीत नाही. दर वेळी गोष्ट वाढत होती. बाया माझ्या हाताला हात लावून जात होत्या. पोरगी पाण्याचे तांबे आणून देत होती आणि सगळं ऐकत होती. तिनं एकदाही म्हटलं नाही की मी उघडलं.

चौथ्या दिवशी माझी नणंद आली. मुलानं परत सुरू केलं. नणंद म्हणाली, "वैनी, तुझा हात देवाचा हात झाला बघ." पोरगी तेव्हा तिच्यासमोर चहाचा कप ठेवत होती. कप ठेवताना तिचा हात थांबला. एवढंच झालं.

मी म्हणाले, "दार मी न्हाई उघडलं. हिनं उघडलं. आणि उघडलं म्हणून मी हिला मारलं."

नणंदेनं कप उचलला आणि बशीत चहा ओतत बसली. मुलगा माझ्याकडं बघत होता, मग त्यानं मान खाली घातली. सून दारात उभी होती. ती म्हणाली, "मला माहीत हाय, आत्याबाई. दवाखान्यातच गालावरची बोटं दिसली मला. तुम्ही कधी बोलता ते बघून राह्यले होते."

मी पोरीला म्हणाले, माझं चुकलं. आयुष्यात नवऱ्याला कधी म्हणाले नव्हते, तिला म्हणाले. ती म्हणाली, "आज्जी, मी कोणाला वाचवायला न्हाई उघडलं. मला उलटी येऊन राह्यली होती." आणि रिकामे कप गोळा करून आत गेली.

सून त्यांना दुसऱ्याच दिवशी घेऊन गेली. भांडली नाही. उन्हाळ्यात लेकरं येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण तिनं पाठवली. आता दर सुट्टीत येतात. पाव करतो. पीठ अंगणात ठेवतो, वर ओलं फडकं टाकतो. सगळं पोरगी ठरवते, मी मैदा चाळून देते आणि निखारे बघते, अंगणातच. पाव चांगले होतात. पोरगा पाच-सहा खातो. फोटो काढायचा असला तर पोरगीच काढते. मी सांगत नाही.

तिच्या शेजारी बसून मळताना माझा हात चटकन उचलला गेला, केस मागं सारायला किंवा माशी हाकलायला, तर तिची मान बाजूला जाते. तिला ते कळत नसावं. बोलणं तसंच चालू ठेवते. मी हात खाली घेते आणि पिठात घालते.

त्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी, माझी नात आणि माझा नातू. तिघंही जिवंत आहोत.